मतलई वारा आणि रात्रीचीं विमानें

उरण, रेवस, अलिबाग या बाजूच्या कोळ्यांस दोन वाऱ्यांचीं नांवें लहानपणापासून ठाऊक असतात. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतो तो खारा वारा. आणि रात्रीं जमीन निवाल्यावर जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई वारा. शाळेच्या भूगोलांत हे दोन शब्द आपण सर्वांनींच वाचले, परीक्षेंत लिहिले आणि पुढें विसरून गेलों. या वाऱ्यांचा आणि पनवेल-उलव्याच्या माणसांच्या झोंपेचा कधीं कांहीं संबंध येईल, असें त्या वेळीं कोणास वाटलें नसेल. तो संबंध आतां आला आहे, आणि मला दिलेल्या वेळांत त्याविषयींच मी बोलणार आहें.

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यांत, पनवेलची खाडी, गाढी नदी आणि उलवे नदी यांच्या परिसरांत, सुमारें १,१६० हेक्टर जागेवर नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. त्यांत अदानी समूहाचा वाटा ७४ टक्के आणि सिडकोचा २६ टक्के. १८ फेब्रुवारी २०१८ रोजीं पायाभरणी, ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन आणि २५ डिसेंबर २०२५ रोजीं प्रवासी विमानांच्या येण्याजाण्यास आरंभ, असा त्याचा इतिहास तीन तारखांत सांगतां येतो. जो इतिहास तारखांत मावत नाहीं तो निराळा आहे. या जागेसाठीं सुमारें नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनीं फोडावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, आणि चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली अशा दहा गांवांस आपल्या जागेवरून उठावें लागलें. उठलेल्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें वडघर, करंजाडे या जवळच्याच बाजूस नव्या वसाहतींत बसलीं. म्हणजे ज्यांनीं विमानांस जागा करून दिली, तींच माणसें विमानांचा आवाज सर्वांत जवळून ऐकणार. याच पट्ट्यांत जमिनीच्या मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत पांच माणसें गोळीबारांत बळी पडलीं होतीं. येथील लोकांनीं जमीन दिली आहे. झोंपहि द्यावी, असें कोणत्याहि करारांत लिहिलेलें नाहीं.

आरंभीं हा विमानतळ सकाळीं ८ पासून रात्रीं ८ पर्यंतच चालावयाचा, आणि फेब्रुवारी २०२६ पासून चोवीस तास, असें सुरुवातीसच जाहीर झालें होतें. चोवीस तास हे शब्द ज्याला प्रवास करावयाचा आहे त्याला गोड लागतात. ज्याला अंथरुणावर पडून राहावयाचें आहे, त्याला त्यांतले शेवटले आठ तास मोजून घ्यावे लागतात.

विमानें रात्रीं कां उडतात, हा प्रश्न आधीं घेऊं, कारण त्याचें उत्तर अर्धें आपल्याकडे आहे आणि अर्धें परदेशांत. लंडनचा हीथ्रो विमानतळ रात्रीं साडेअकरापासून सकाळीं सहापर्यंत मोजकींच विमानें घेतो. जर्मनींतील फ्रांकफुर्टला २०११ सालापासून रात्रीं अकरा ते पहांटे पांच नियोजित उड्डाणांस बंदीच आहे. आतां मुंबईहून लंडनला साडेनऊ-दहा तास लागतात, आणि तेथील घड्याळ ऋतुमानाप्रमाणें आपल्या साडेचार किंवा साडेपांच तास मागें असतें. सकाळीं सहाला तेथलें दार उघडतांच आंत शिरावयाचें, तर येथून मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास निघावयास पाहिजे. लंडनकरांची झोंप शाबूत राहते ती, पाहिलें तर, कांहीं अंशीं मुंबईकराच्या झोंपेच्या खर्चानें. यांत कोणाचा दुष्टावा नाहीं. तेथील लोकांनीं कायदेमंडळांत आणि न्यायालयांत भांडून आपली रात्र मिळविली. आपल्याकडे दिल्लीच्या वसंतकुंजांतील रहिवासी २००८ सालीं तिसरी धावपट्टी सुरू झाल्यावर न्यायालयांत गेले, पण अशीं उदाहरणें थोडीं. शिवाय आपलीहि कांहीं गरज आहेच. सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावर एकमेकींस छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्यामुळें दोन्हींवरून एकाच वेळीं मोकळेपणीं विमानें सोडतां येत नाहींत. दिवसाच्या वेळा तेथें केव्हांच भरून गेल्या आहेत. आणि हापूसची पेटी परदेशीं जावयाची ती रात्रींच्या गारव्यांतच बरी जाते. तेव्हां रात्रीं विमानच नको, हें म्हणणें मला अव्यवहार्य वाटतें. रात्रींचें विमान कोणाच्या डोक्यावरून जावें, हा खरा वादाचा विषय आहे.

त्याआधीं आवाजाच्या मोजमापाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण सगळी मेख तेथें आहे. आवाजाचें माप डेसिबेल. हें माप फुटपट्टीसारखें सरळ चढत नाहीं. दहा डेसिबेलांची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत ४५ डेसिबेल अशी मर्यादा आहे. गणेशोत्सवांत दहाच्या ठोक्याला कर्णा बंद करावयास लावणारे नियम ते हेच. विमानतळाच्या परिसरासाठीं मात्र केंद्र सरकारनें २०१८ सालीं निराळी पट्टी केली. वर्षाला ५० हजारांहून अधिक वेळां विमानें जेथें चढतात-उतरतात, तेथें दिवसा ७० आणि रात्रीं ६५. इतर ठिकाणीं ६५ आणि ६०. नव्या विमानतळाच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटि प्रवाशांची आहे. एका विमानांत पावणेदोनशें माणसें धरलीं, तरी ही संख्या लाखाच्या वर जाते. तेव्हां क्षमता भरल्यावर येथें ६५ चाच आंकडा लागूं होणार. जागतिक आरोग्य संघटनेनें युरोपासाठीं २०१८ सालींच जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत विमानांच्या रात्रींच्या आवाजाची शिफारस ४० डेसिबेलांखालची आहे. ४० आणि ६५ यांत २५ डेसिबेलांचें अंतर, म्हणजे शक्तीच्या हिशेबानें तीनशेंपटींहून अधिक.

बरें, हा ६५ चा आंकडा सरासरीचा आहे, आणि सरासरीला झोंप नसते. एक साधें गणित करूं. समजा, एका घरावरून विमान जातांना वीस सेकंदपर्यंत ७५ डेसिबेलांचा आवाज होतो. निजलेलें मूल दचकून उठण्यास तो पुरेसा आहे. अशीं वीस विमानें एका रात्रींत गेलीं, तर एकंदर आवाज चारशें सेकंदांचा. बाकीचे अठ्ठावीस हजार चारशें सेकंद आपण शांत धरूं. आठ तासांची सरासरी काढली तर ती येते ५६ डेसिबेल. घरांतलीं माणसें वीस वेळां जागीं झालीं, आणि कागदावर तो परिसर मर्यादेच्या कितीतरी आंत! ६५ ची रेघ ओलांडण्यास अशीं १४४ विमानें जावीं लागतील, म्हणजे रात्रभर दर तीन मिनिटें वीस सेकंदांनीं एक. तोंवर तक्रार करणारास उत्तर मिळणार कीं मर्यादेचा भंग झालेला नाहीं. आणि तें उत्तर खोटें असणार नाहीं. म्हणून मला वाटतें, रहिवाशांनीं सरासरीवर वाद घालण्यांत शक्ति वेंचूं नये. रात्रींत किती वेळां आवाज अमुक पातळीच्या वर गेला, ही संख्या मागावी. माणूस जागा होतो तो एकेका विमानानें होतो.

पुढें संवय होते असें म्हणतात. अंशतः तें खरें आहे. रुळाकांठचीं माणसें गाडीच्या आवाजांत झोंपतातच. परंतु मनाला संवय झाली तरी शरीराला ती पुरतीं होत नाहीं. माणूस न जागतांहि त्याच्या हृदयाची गति त्या आवाजासरशी वाढते, असें निद्रेच्या प्रयोगांत आढळलें आहे. लंडन, बर्लिन, ॲम्स्टरडॅम, स्टॉकहोम, मिलान आणि अथेन्स या सहा शहरांच्या विमानतळांजवळील लोकांची पाहणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. रात्रींच्या विमानांचा आवाज दहा डेसिबेलांनीं अधिक असेल तेथें रक्तदाबाच्या विकाराचा संभव सुमारें १४ टक्क्यांनीं अधिक दिसला. याहूनहि मला लक्षणीय वाटतें तें म्युनिकचें उदाहरण. १९९२ सालीं तेथील विमानतळ जुन्या जागेवरून नव्या जागेवर गेला. संशोधकांनीं दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांची आधीं आणि नंतर परीक्षा घेतली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचें वाचन आणि स्मरण मंदावलें, आणि जुन्याजवळच्या मुलांचें सुधारलें. आपल्या डोक्यावर आकाशांत काय चाललें आहे याची नोंद मुलांच्या वाचनांत उतरते, हें पालकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

खिडक्यांस दुहेरी कांचा बसवाव्या, हा युरोपांतील उपाय येथें अर्ध्यावरच थांबतो. बंद खिडकी आवाज पुष्कळ अडविते, उघडी फारच थोडा. लंडनच्या थंडींत खिडकी बंदच असते. कोंकणांत एप्रिलच्या रात्रीं खिडकी बंद करावयाची तर वातानुकूलनाचें यंत्र पाहिजे, आणि त्याचें वीजबिल भरण्याची ऐपत पाहिजे. करंजाड्यांत वसलेल्या शेतकऱ्यास हें सांगणें म्हणजे भुकेल्याला पथ्य सांगणें.

आतां त्या दोन वाऱ्यांकडे वळूं. विमान, समुद्रपक्ष्याप्रमाणेंच, वाऱ्याकडे तोंड करून चढतें आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतें. येथील पहिली धावपट्टी ३,७०० मीटर लांब असून साधारण पूर्व-पश्चिम पडली आहे. तिला समांतर अशी दुसरी योजलेली आहे. पूर्वेच्या बाजूस जवळच पनवेल शहर, आणि त्यापलीकडे प्रबळगड-माथेरानचे डोंगर. पश्चिमेच्या बाजूस उलव्याची वसाहत, मग खाडी, तिवरांचें रान, न्हावा-शेव्याचें बंदर, घारापुरीचें बेट आणि मोकळें पाणी. उतरणारें विमान साधारण तीन अंशांच्या उतारानें येतें. म्हणजे दर किलोमीटरला सुमारें ५२ मीटर खालीं. धावपट्टीपासून चार किलोमीटरांवर जें घर असेल, त्याच्या गच्चीवरून तें दोनशें मीटरांहून थोडेंच अधिक उंच असतें. पूर्वेकडे एवढ्या अंतरांत शहर आहे. पश्चिमेकडे वस्ती लवकर संपते आणि पाणी लागतें. मुंबईच्या विमानतळास असें भाग्य एकाच अंगानें आणि बरेंच दाटीवाटीनें लाभलें. हें ठिकाण त्या मानानें सुदैवी आहे.

पावसाळ्यांत वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून जोरानें येतो. तेव्हां विमानें पनवेलच्या बाजूनें उतरणार आणि समुद्राकडे चढणार. त्यास इलाज नाहीं. (पावसाळ्यांत खिडक्या बंद असतात आणि पत्र्यावर पाऊस असा वाजतो कीं विमानाच्या आवाजास फारसा वाव राहात नाहीं, एवढाच निसर्गाचा दिलासा.) परंतु पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या रात्री निराळ्या. सूर्य मावळल्यावर खारा वारा हळूहळू पडतो, आणि रात्र चढली म्हणजे मतलई वाहूं लागतो. तोहि बहुधा मंद. मतलई पूर्वेकडून येतो. त्याकडे तोंड करून उतरावयाचें म्हणजे समुद्रावरूनच यावयाचें. तेव्हां उतरण्याचा प्रश्न आपोआप सुटतो. अडचण चढण्याची. नेहमींच्या रीतीनें चढावयाचें तर पनवेलवरून जावें लागेल, आणि लांबच्या प्रवासाचें इंधन भरलेलें जड विमान अशा वेळीं पुऱ्या जोरानें गर्जत असतें.

पण नेहमींची रीत मोडण्यास येथें आधार आहे. आवाज टाळण्यासाठीं धावपट्टीची दिशा निवडावयाची झाल्यास पाठीमागचा वारा ५ नॉटपर्यंत, म्हणजे तासीं सुमारें ९ किलोमीटरपर्यंत, आणि बाजूचा १५ नॉटपर्यंत असला तरी चालतो, असें आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्यपद्धतींत नमूद आहे. मंद मतलई या मर्यादेच्या आंत बसण्यासारखा आहे. अशा रात्रीं समुद्रावरूनच उतरावें आणि समुद्राकडेच चढावें, असा नियम करितां येईल. ऑस्ट्रेलियांत सिडनीला हें पुष्कळ वर्षें चाललें आहे. तेथें १९९५ च्या कायद्यानें रात्रीं अकरा ते सकाळीं सहा विमानतळ जवळजवळ बंद असतो, आणि जीं थोडीं मालवाहू विमानें चालूं दिलीं आहेत तीं बॉटनी बे या उपसागरावरून येतात व उपसागरावरूनच जातात. जपाननें तर याहून मोठा खर्च केला. ओसाकाच्या इटामी विमानतळाविरुद्ध तेथील रहिवाशांनीं १९६९ सालीं दावा लावला. तो १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयांत निकालांत निघेपर्यंत रात्रींचीं विमानें थांबलीं होतीं, नुकसानभरपाईहि द्यावी लागली. आणि अखेर किनाऱ्यापासून पांच किलोमीटरांवर समुद्रांत भर घालून, बेट तयार करून, त्यावर १९९४ सालीं चोवीस तास चालणारा दुसरा विमानतळ उघडावा लागला. आपल्याला बेट करावयाचें नाहीं. आपल्याजवळ खाडी आहेच. रात्रीं तोंड तिकडे वळवावयाचें आहे.

हें फुकट होणार नाहीं, तेंहि सांगितलें पाहिजे. एकाच दारानें आंत येणारे आणि बाहेर जाणारे असले म्हणजे एकानें दुसऱ्यासाठीं थांबावें लागतें. तसेंच येथें: समोरासमोर येणाऱ्या विमानांत अंतर अधिक ठेवावें लागणार, आणि तासाला होणारीं उड्डाणें कमी होणार. वायव्येस सहारच्या विमानतळाचीं विमानें त्याच आकाशांत असणार, ती अडचण वेगळीच. म्हणून ही पद्धति मध्यरात्र ते पहांटे पांच या विरळ वेळींच साधण्यासारखी आहे. येथें निवड स्पष्ट आहे. त्या पांच तासांत विमानांची संख्या वाढवीत न्यावयाची, कीं ती इतकीच ठेवावयाची कीं सर्व विमानें पाण्यावरून जाऊं शकतील? विमानतळ नवा आहे, रात्रींच्या वेळा एकदां विमान कंपन्यांस वांटून झाल्या म्हणजे परत घेणें फार कठीण. हीथ्रोवर १९६२ पासून रात्रींच्या उड्डाणांवर बंधनें आहेत, तरी तेथील भांडण मिटलेलें नाहीं. अजून एकेका उड्डाणासाठीं वाद होतो. तेथील एक युक्ति मात्र घेण्यासारखी आहे. १९९३ पासून प्रत्येक विमानास त्याच्या आवाजाप्रमाणें गुण लावलेले आहेत, आणि रात्रींसाठीं गुणांची एकंदर बेरीज ठरलेली आहे. गोंगाट करणारें जुनें विमान आणावें तर बेरीज लवकर संपते. म्हणून कंपन्या आपण होऊन शांत विमानें रात्रींसाठीं राखतात.

आणि उलव्याचें काय, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पश्चिमेचें दार रात्रभर चालूं ठेवलें तर उलव्याच्या वाट्यास अधिक आवाज येणार. तेथें चढणाऱ्या विमानास लवकर खाडीच्या अंगास वळवितां येईल काय, हें वैमानिक आणि नियंत्रक यांनीं नकाशा पुढें घेऊन ठरवावें; दुहेरी कांचांचा आणि त्याबरोबर येणाऱ्या विजेचा खर्च त्या घरांपुरता तरी विमानतळानें उचलावा, हें मला न्याय्य दिसतें. लांब धावपट्टीचाहि येथें उपयोग आहे. ३,७०० मीटर लांबी असल्यावर उतरलेल्या विमानानें इंजिनाचा उलटा झोत पुऱ्या जोरानें सोडून थांबण्याची सहसा गरज नसते. रात्रीं तो मंदच ठेवावा, असा दंडक करितां येईल. समुद्रहि निर्मनुष्य नाहीं. घारापुरीवर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्या आहेत. त्यांना समुद्राखालून तार टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ सालीं. तोंवर तेथील रात्र काळोखीहि होती आणि शांतहि. खाडींत रात्रीं होड्या असतात. पण त्या अंतरावर विमान बऱ्याच उंचीवर असतें, आणि आवाजाची तुलना करावयाची झाल्यास पनवेलच्या दाट वस्तीचें पारडें जड भरतें.

जमिनीचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१३ सालीं विमानतळाभोंवतालचा मोठा मुलूख 'नैना' या नांवाखालीं, म्हणजे विमानतळाच्या प्रभावाचें क्षेत्र म्हणून, सिडकोच्या नियोजनाखालीं आला. प्रभाव हा शब्द जाहिरातींत भावाच्या अर्थानें वापरतात. विमानतळाजवळ इमारत किती उंच असावी यावर कडक नियम आहेत, कारण तेथें विमानाची सुरक्षितता गुंतली आहे. इमारतींत निजणाराच्या कानांविषयीं तितका कडकपणा दिसत नाहीं. आवाजाच्या समरेषा काढून, ज्या पट्ट्यांत आवाज अधिक तेथें गुदामें, कचेऱ्या, बाजार असावेत, आणि शाळा, दवाखाने व बिऱ्हाडें तेथून दूर असावींत, हें विमानतळ भरण्यापूर्वींच करावयाचें काम आहे. घर विकत घेणारानेंहि, हवा आणि पाणी पाहतो तसा, तो नकाशा मागावा.

मोठ्या विमानतळांनीं आवाज मोजण्याची यंत्रणा बसवावी, असें नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचें सांगणें आहेच. अशीं यंत्रें पनवेल, उलवे, वडघर आणि घारापुरी येथें असावींत, आणि त्यांचे आंकडे महिन्याच्या सरासरीनें न देतां रोजच्या रोज, एकेका विमानाचे, पनवेल महानगरपालिकेनें मराठींत प्रसिद्ध करावेत. रात्रीं दोन वाजतां घरावरून गेलेलें विमान कोणतें, किती उंचीवरून आणि कोणत्या दिशेनें गेलें, हें दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतां आलें पाहिजे. वाऱ्याची नोंद तर विमानतळावर दर अर्ध्या तासानें होतच असते. ती नोंद शेजारीं मांडली, म्हणजे मतलई मंद असतांनाहि तें विमान पनवेलवरून कां नेलें, हें कोणाहि रहिवाशास विचारतां येईल.